स्वयंसेवी गटाच्या प्रोग्रामिंग प्रकल्पाची व्याप्ती कशी ठरवावी : मराठी शुद्धलेखन-तपासणीच्या उदाहरणासह

प्रोग्रामिंग येणारे किंवा शिकत असलेले आठ-दहा जण एकत्र येतात, भाषेच्या किंवा समाजाच्या उपयोगाचे काहीतरी विनामूल्य तयार करायचे ठरवतात, व्हॉट्सॲपवर गट तयार होतो, पहिल्या दोन बैठका उत्साहात पार पडतात आणि दोन-तीन महिन्यांनी काम जिथल्या तिथे थांबते. अशा प्रकल्पांत कौशल्य कमी पडते असे क्वचितच घडते. काम किती, कोणासाठी आणि कुठपर्यंत करायचे, हे सुरुवातीलाच लेखी ठरलेले नसते, म्हणून ते अडते. पगारी प्रकल्पात व्याप्तीचा अंदाज चुकला तर मुदत वाढवून किंवा माणसे वाढवून वेळ मारून नेता येते. स्वयंसेवी गटात मात्र माणसेच निघून जातात, आणि जाताना ती तसे सांगतातच असे नाही. त्यामुळे नवागतांनी व्याप्ती ठरवताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा : गटातील निम्मे लोक उद्या निघून गेले, तर तोवर झालेले काम कोणाच्या तरी उपयोगाचे राहील का? ज्या आराखड्यात याचे उत्तर ‘नाही’ असे येते, तो कितीही आकर्षक असला तरी बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे एका प्रत्यक्ष उदाहरणावर पाहणे सोयीचे होईल. मराठी मजकुरातील शुद्धलेखनाच्या चुका दाखवणारे साधन तयार करायचे, असे एखाद्या गटाने ठरवले आहे असे धरू.

पहिली पायरी : एकच वापरकर्ता निवडा

‘मराठीत लिहिणारे सर्व’ हा वापरकर्ता होऊ शकत नाही, कारण अशा व्यक्तीला फोन करून तिला काय हवे आहे हे विचारता येत नाही. त्याऐवजी ओळखीतील एक खरी व्यक्ती निवडावी. एखाद्या लहान दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन करणारे काका किंवा ताई असतील तर फारच उत्तम, कारण त्यांची गरज नेमकी असते आणि त्यांच्या कामाला न हलणारी तारीख असते. त्यांच्याबरोबर तासभर बसून ते प्रत्यक्ष कसे काम करतात ते पाहावे : मजकूर कोणत्या रूपात येतो, तो कोणत्या प्रोग्राममध्ये उघडला जातो, कोणत्या चुका सर्वाधिक सापडतात, आणि कोणत्या चुका शेवटच्या प्रुफातही सुटून छापल्या जातात. या एका तासातून जे कळते ते गटातील चर्चेतून कळत नाही. उदाहरणार्थ, अंकाकडे येणारा बराच मजकूर युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठी ठरलेल्या प्रमाणित संकेतांत) नसून जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टंकलेला आहे, हे तिथेच लक्षात येऊ शकते. अशा फॉण्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तिथे भलतेच चिन्ह असते, त्यामुळे शुद्धलेखन तपासण्यापूर्वी रूपांतर करावे लागते, आणि ते रूपांतर हा स्वतंत्र, मोठा प्रकल्प आहे. तो आपल्या व्याप्तीत घ्यायचा की नाही, याचा निर्णय पहिल्याच आठवड्यात झाला पाहिजे. माझा सल्ला तो न घेण्याचा राहील : पहिल्या आवृत्तीसाठी फक्त युनिकोड मजकूर.

दुसरी पायरी : आधी काय उपलब्ध आहे ते पाहा

शुद्धलेखन-तपासणीचे काम करणारे ‘हन्स्पेल’ नावाचे मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारे, साधन आहे. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियन भाषेसाठी तयार केले आणि आज लिब्रेऑफिस, फायरफॉक्स व क्रोम या सर्वांत तेच वापरले जाते. त्याला दोन फाइली लागतात : एका फाइलमध्ये मूळ शब्द असतात व दुसरीत त्या शब्दांना कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम असतात. मराठीसाठीही अशा फाइली पूर्वीच तयार झालेल्या आहेत. त्या उतरवून घ्याव्यात, मुद्रितशोधकाच्या दहा पानांवर चालवून पाहाव्यात आणि त्यांचा परवाना वाचावा. उपलब्ध साधनात भर घालून भागत असेल तर नवे साधन सुरू करू नये. पाट्या कोऱ्या ठेवून सुरुवात करण्याचा मोह प्रोग्रामरांना फार असतो, आणि दुसऱ्याचा कोड वाचणे कंटाळवाणे वाटते हेच बहुधा त्यामागचे कारण असते.

तिसरी पायरी : अर्धवट अवस्थेतही उपयोगी पडेल असा आराखडा निवडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो.

तपासणीचे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग बरोबर शब्दांची यादी करण्याचा : यादीत नसलेला प्रत्येक शब्द चूक मानायचा. दुसरा मार्ग नेहमीच्या चुकांची यादी करण्याचा : यादीत असलेला शब्द आढळला तरच लाल रेघ ओढायची, एरवी गप्प राहायचे.

पहिला मार्ग अधिक शास्त्रशुद्ध वाटतो आणि गटातील हुशार मंडळी त्याकडेच ओढली जातात; पण मराठीचे प्रत्यय काय करतात ते पाहू. ‘घर’ या एका शब्दापासून घराला, घराने, घराचा, घराची, घराच्या, घरात, घरावर, घरासाठी, घरांना अशी रूपे होतात. पुढे घरातला, घरातल्या, घरातल्यांना. आणि त्यावर पुन्हा ‘ही’, ‘च’, ‘सुद्धा’ लागून घरातल्यांनाही, घरासाठीच, घरावरसुद्धा. हन्स्पेल मूलतः शब्दाच्या शेवटी एकावर एक असे दोन थर सोलून पाहू शकते. ‘घरातल्यांनाही’ मध्ये त्याहून अधिक थर आहेत, त्यामुळे उरलेले थर नियमांच्या फाइलमध्ये आधीच गुणाकार करून मांडावे लागतात. शिवाय सामान्यरूप होताना शब्दाच्या आतही बदल होतो. ‘गरीब’चे ‘गरिबाला’ होते, पण ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते, कारण उपान्त्य ई-ऊ ऱ्हस्व करण्याचा नियम तत्सम शब्दांना लागू नाही. म्हणजे प्रत्येक नोंदीबरोबर तो शब्द तत्सम आहे की नाही, हेही कोणीतरी बसून ठरवायचे. हे काम करण्यासारखे निश्चितच आहे, पण ते अर्धवट राहिले तर काय हाती लागते? पाच हजार शब्दांवर यादी थांबली तर तपासनीस निम्म्या बरोबर शब्दांखालीही लाल रेघा ओढील आणि मुद्रितशोधक ते साधन पहिल्याच दिवशी बंद करून ठेवतील.

दुसऱ्या मार्गाचे तसे नाही. ‘परिक्षा’, ‘नविन’, ‘आशिर्वाद’, ‘हार्दीक’, ‘उज्वल’, ‘तज्ञ’, ‘आणी’ अशा शंभर चुकांची यादी झाली तरी साधन त्या शंभर चुका पकडू लागते. तीनशे झाल्या की आणखी पकडते. यादी कुठेही थांबली तरी तोवरचे काम वाया जात नाही. हा मार्ग सर्व चुका कधीच पकडणार नाही ही त्याची मर्यादा उघड आहे, आणि ती वापरकर्त्याला स्पष्ट सांगितली पाहिजे. पण वेळेची खात्री नसलेल्या गटाने हाच मार्ग घ्यावा.

मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासातही या भेदाचे एक ठळक उदाहरण आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवल्ड्स यांनी पुढे ‘लिनक्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामाची पहिली सूचना दिली, तेव्हा आपण हे हौसेखातर करत असून ते जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासारखे मोठे आणि व्यावसायिक होणार नाही, ते अन्य प्रकारच्या संगणकांवर नेता येण्याजोगे नाही आणि स्वतःकडे असलेल्या प्रकाराखेरीज दुसरी हार्ड डिस्क त्यावर बहुधा कधीच चालणार नाही, असे त्यांनी तिथेच लिहून टाकले होते. व्याप्तीचे इतके प्रांजळ निवेदन क्वचितच सापडेल. त्याच सुमारास, १९९० मध्ये, जीएनयूच्या ‘हर्ड’ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे काम सुरू झाले होते. त्याची रचना कितीतरी महत्त्वाकांक्षी होती. लिनक्सची १.० आवृत्ती मार्च १९९४ मध्ये आली. हर्डने २०१६ मध्ये काढलेल्या आवृत्तीचा क्रमांक ०.९ होता. हर्डवर काम करणारे लोक कमी प्रतीचे मुळीच नव्हते. लिनक्स मात्र पहिल्या दिवसापासून निदान एका माणसाच्या टेबलावर चालत होते, आणि चालणाऱ्या गोष्टीत भर घालायला लोक आपणहून येतात.

चौथी पायरी : तासांचा हिशेब मांडा

प्रत्येकाला आठवड्याला किती तास देता येतील ते विचारावे, आणि आलेल्या आकड्याच्या निम्माच आकडा हिशेबात धरावा. हे अविश्वासाने करायचे नाही. लोक सांगतात ते मनापासूनच सांगतात, पण महिनाअखेरीचे ऑफिसचे काम, परगावचे लग्न आणि घरातले आजारपण त्यांनी मोजलेले नसते. गटात विद्यार्थी असतील तर सत्रपरीक्षांचे आठवडे शून्य धरावेत. गणपतीचे दहा-बारा दिवसही शून्य धरावेत. कोणी परदेशात असेल तर एकत्र बैठकीची वेळ आठवड्यातून एकदाच जुळेल, असे समजून चालावे.

नंतर कामाचा वेग मोजावा. यासाठी अंदाज करत बसू नये. शंभर नोंदी घड्याळ लावून प्रत्यक्ष कराव्यात. समजा, शंभर चुका शोधून, त्यांचे शुद्ध रूप लिहून, अपवाद नोंदवून आणि दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यायला सगळे मिळून चार तास लागले. गटात यादीचे काम करणारे पाच जण आहेत आणि प्रत्येकाने चार तास कबूल केले आहेत. आपण दोन धरले. म्हणजे आठवड्याला १० तास आणि बारा आठवड्यांत १२० तास. त्यात तीन हजार नोंदी होतील. पहिल्या बैठकीत कोणी पन्नास हजार नोंदींचा संकल्प सोडला असेल, तर त्याला २,००० तास, म्हणजे याच वेगाने २०० आठवडे, जवळजवळ चार वर्षे लागतील. हा हिशेब कागदावर दिसला की वाद आपोआप मिटतो. मीही तीन हजारांऐवजी दोन हजार नोंदींचे उद्दिष्ट लिहीन, कारण उरलेला वेळ शंकास्पद नोंदी आणि पुनर्तपासणी यांत जाणारच.

माणसे वाढवून हा हिशेब सुधारेल असे वाटते, पण ते तितके सरळ नाही. रखडलेल्या प्रकल्पात नवी माणसे घातली की तो आणखी रखडतो, हे संगणक-अभियंते फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच मांडले होते. त्यामागचे गणित सोपे आहे : पाच जणांत परस्परांशी बोलण्याच्या १० जोड्या होतात, बारा जणांत ६६. म्हणून नव्याने येणाऱ्याला लगेच कोडमध्ये हात घालू देण्यापेक्षा आधी वीस नोंदींची दुसरी तपासणी द्यावी. काम स्वतंत्र असते, त्यातून नियम कळतात, आणि तो माणूस टिकणारा आहे की नाही हेही कळते.

पाचवी पायरी : ‘हे करणार नाही’ अशी यादी लिहा

व्याप्तीच्या कागदाचा हा अर्धा भाग बहुतेक गट लिहीतच नाहीत. आपल्या उदाहरणात तो साधारण असा असेल. जुन्या फॉण्टचे रूपांतर करणार नाही. दोन्ही रूपे भाषेत असलेले शब्द, म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’, तपासणार नाही, कारण तिथे चूक ओळखायला वाक्याचा अर्थ लागतो. व्याकरण तपासणार नाही. इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लेखन, ‘फाइल’ की ‘फाईल’ हा वाद, पहिल्या आवृत्तीत घेणार नाही. मोबाइलसाठी स्वतंत्र ॲप करणार नाही. १९६२ पूर्वीच्या लेखनपद्धतीतील साहित्य तपासणार नाही.

शेवटच्या कलमाचा संबंध एका मोठ्या निर्णयाशी आहे : बरोबर काय हे कोण ठरवणार? मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडून ते १८ झाले, आणि शासनाने ते स्वीकारलेले आहेत. हे नियम पटत नसलेली अभ्यासू माणसे आहेत, त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखेही आहे. पण गटाने प्रत्येक शब्दावर तो वाद नव्याने घालायचा ठरवले तर बारा आठवडे वादातच जातील. महामंडळाचे नियम हा आधार, असे एका वाक्यात लिहावे, आणि नियमांवरून निकाल लागत नसेल तो शब्द ‘वादग्रस्त’ असा शेरा मारून पहिल्या आवृत्तीतून वगळावा.

सहावी पायरी : यादीचा साचा आणि तांत्रिक भाग

कोड लिहिण्यापूर्वी माहितीचा साचा ठरवावा, कारण पुढे कोड बदलणे सोपे असते, पण दोन हजार नोंदींचा साचा बदलणे जिकिरीचे होते. साधा तक्ता पुरतो, मात्र ‘चूक’ आणि ‘बरोबर’ एवढे दोनच रकाने पुरत नाहीत. ‘परिक्षा’, ‘परिक्षेला’, ‘परिक्षण’ या सर्व चुका पकडायच्या म्हणून ‘परिक्ष’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द चूक धरला, तर पोलीस प्रशासनातील ‘परिक्षेत्र’ हा बरोबर शब्दही अडकतो. ‘प्रतिक्षा’ पकडताना ‘प्रतिक्षण’ अडकतो. आणि ‘गरिब’ हा सुटा शब्द चूक असला तरी ‘गरिबांना’ आणि ‘गरिबी’ बरोबर आहेत. म्हणून तिसरा रकाना हवा, त्यात पूर्ण शब्द जुळवायचा की फक्त सुरुवात, हे नोंदवायचे; आणि चौथा रकाना अपवादांचा. हे चार रकाने ठरले की यादी करणारे आणि कोड लिहिणारे एकमेकांसाठी न थांबता काम करू शकतात.

त्याच बैठकीत अक्षरांची एकच रीतही ठरवावी. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले, त्यामुळे ‘अ’वर चंद्र देऊन टंकलेले जुने रूपही सर्रास आढळते, आणि युनिकोडच्या प्रमाणित रूपांतराने ही दोन एक होत नाहीत, तो बदल आपल्याच कोडला करावा लागतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतील ‘ऱ्य’ही दोन प्रकारे टंकला जातो. मजकूर आत घेताना सर्व एका रूपात आणायचा, एवढे लिहून ठेवले की पुढचे पुष्कळ गोंधळ टळतात.

बाकी तांत्रिक भाग शक्य तितका लहान ठेवावा. एक वेबपान, त्यात मजकूर चिकटवायचा, चुका रंगून दिसतील. सगळे काम ब्राउझरमध्येच झाले तर सर्व्हरचा खर्च येत नाही, रात्री सर्व्हर बंद पडला म्हणून कोणाला उठवावे लागत नाही आणि लेखकाचा अप्रकाशित मजकूर त्याच्या संगणकाबाहेर जात नाही. लॉगिन, खाते, डेटाबेस यांपैकी कशाचीही इथे गरज नाही.

सातवी पायरी : हक्क आणि परवाना

हा विषय रुक्ष आहे, पण तो पहिल्याच आठवड्यात मिटवावा. कोडला एक मुक्त परवाना, यादीला एक मुक्त परवाना, आणि प्रत्येक सहभागी व्यक्तीची त्याला लेखी संमती. दोन वर्षांनी परवाना ठरवायला गेल्यास निम्म्या लोकांचे पत्तेही सापडत नाहीत. उदाहरणे कुठून घ्यायची हेही पाहावे : इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते म्हणजे तिथली शब्दसूची उचलता येते, असे नाही. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश त्या बंधनातून मुक्त आहे, परंतु १८५७ च्या आवृत्तीतील लेखन आजच्या नियमांशी जुळत नाही. मराठी विकिपीडियावरील मजकूर त्याच्या परवान्याच्या अटी पाळून वापरता येतो, आणि नेहमीच्या चुका कोणत्या व त्या किती वेळा होतात हे मोजायला तो चांगला साठा आहे.

आठवी पायरी : मुदत आणि पूर्ततेची खूण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केल्यास बारा आठवडे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपतात, आणि दिवाळी अंकाच्या प्रुफांना साधन उपयोगी पडते. गणपती ऑगस्टअखेर येत असतील तर सुरुवात मेअखेरीस न्यावी. मुदत हलवू नये, काम हलवावे. आठव्या आठवड्यात आठशेच नोंदी झालेल्या असतील तर हजारावर आवृत्ती काढावी.

‘चांगले साधन तयार होणे’ ही पूर्ततेची खूण होत नाही. खूण मोजता आली पाहिजे : मुद्रितशोधकांनी आधी हाताने तपासलेली दहा पाने घ्यायची, त्यांतील शुद्धलेखनाच्या किती चुका साधनाने पकडल्या आणि किती बरोबर शब्दांना चूक म्हटले, हे दोन आकडे लिहायचे. दुसरा आकडा शून्याच्या जवळ असलाच पाहिजे. पहिला दर महिन्याला वाढत राहिला तरी पुरे. ही चाचणी शेवटी करायची नसते. चौथ्या आठवड्यात, यादी जेमतेम चारशेवर असताना ती एकदा करावी, आणि नंतर दर पंधरवड्याला करावी.

दरम्यान नव्या कल्पना येतच राहतील, आणि त्या यायलाच हव्यात. कोणी म्हणेल की यमक सुचवणारे साधनही यातच बसवू, कोणी कोंकणीसाठीही करू म्हणेल. त्या सर्व ‘पुढील आवृत्ती’ या नावाच्या फाइलमध्ये सुचवणाऱ्याच्या नावासह नोंदवाव्यात, आणि आवृत्ती निघेपर्यंत ती फाइल उघडून चर्चा करू नये. खरोखरच एखादी गोष्ट आताच घ्यायची असेल, तर तेवढ्याच तासांची दुसरी गोष्ट बाहेर काढावी. ‘मी एकटा करीन, तुम्हाला त्रास नाही’ असे कोणी म्हटले तरी हाच नियम लावावा, कारण तो गट सोडून गेल्यावर त्याने लिहिलेला भाग इतरांनाच सांभाळावा लागतो.

शेवटचे दोन आठवडे नव्या नोंदी थांबवून सोपवणुकीसाठी ठेवावेत. रिपॉझिटरीचे (कोड आणि यादी यांच्या सामायिक साठ्याचे) आणि वेबपानाचे मालकी-अधिकार किमान दोन व्यक्तींकडे असावेत. यादीत नवी नोंद कशी घालावी, चाचणी कशी चालवावी आणि आवृत्ती कशी काढावी, हे एका पानात मराठीत लिहावे आणि ते पान गटाबाहेरच्या एका विद्यार्थ्याच्या हाती देऊन, कोणालाही काही न विचारता त्याच्याकडून एक नोंद घालून घ्यावी. तो जिथे अडेल तिथे सूचना दुरुस्त कराव्यात, आणि त्याची नोंद पानावर दिसू लागली की पहिली आवृत्ती जाहीर करावी.